छत्तीस फोटो

शुक्रवार पेठ, सोलापूर
९ जानेवारी २०१३

जोती,

आशीर्वाद तर आहेतच, पण आधी भांडण. गेल्या आठ महिन्यांत तुला किती फोन लावले ते मोजायचं मी सोडून दिलं. पहिले दोन महिने तू उचलून ठेवून द्यायचास, आता उचलतही नाहीस. एकदा राजाबाईनं उचलला. म्हणाली, "वन्सं, त्ये मेंढराकडं गेल्यात," आणि तिच्या मागून तुझा खोकला ऐकू आला. म्हणून हे पत्र. पोस्टमनने हातात दिलेलं पाकीट माणूस फाडण्यासाठी का होईना, उघडतो.

मल्हारचं लग्न ठरल्याचं मला परक्याकडून कळलं. तुमच्या गावचा एक जण डाळिंबाची गाडी घेऊन मार्केट यार्डात आला होता, त्याने ह्यांना सांगितलं की अक्षय तृतीयेचा मुहूर्त धरला आहे. ह्यांनी घरी येऊन मला विचारलं, "तुला माहीत होतं?" मी म्हटलं, हो, माहीत होतं. नवऱ्यासमोर माहेरची लाज राखायची मला सवय आहे. आपल्या घरात नवरदेवाला पहिली हळद आत्या लावते आणि मल्हारला आत्या एकच आहे. ह्या वेळी कोणाकडून उसनी आणणार आहेस ते कळव.

त्या माणसाने तुझ्या अबोल्याचं कारणही सांगितलं. तू चारचौघांत बोललास म्हणे, "आक्कानं कंप्युटरवर बसून मला फोटूतनं पुसलं. भाचीच्या लग्नात मामा न्हाईच, नुसता धूर." जोती, मी चोवीस वर्षं बालवाडी चालवली. मला पाटीवरचं पुसता येतं. फोटोतलं माणूस पुसता आलं असतं तर मी आधी माझं पोट पुसलं असतं.

तू फोटो पाहिलेस, पण ते निघाले कसे हे तुला माहीत नाही. ऋतुराजने पुण्याहून कॅमेरा पाठवला होता, साबणाच्या वडीएवढा. ह्यात हजार फोटो मावतात म्हणाला. मग मीच म्हटलं, ऋतुजाच्या लग्नाला बाहेरचा फोटोग्राफर कशाला, घरचा कॅमेरा आहे. चालवायचा कोणी, तर शेजारच्या ईरप्पांनी. अक्कम्माचे यजमान, गिरणीतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे चौऱ्याऐंशी साली रोलचा कॅमेरा होता, म्हणून गल्लीत त्यांचा शब्द शेवटचा. ऋतुराज नवरीचा भाऊ. तो पाहुण्यांच्या गाड्या आणि पाण्याचे जार ह्यांत अडकलेला, त्याने काही बघितलं नाही.

ईरप्पांनी कॅमेरा हातात घेतला आणि पहिलं काम काय केलं, तर मागची काच, जिच्यात फोटो दिसतो ती, काळ्या पट्टीने झाकून टाकली. का, तर तिथून उजेड आत शिरतो. "बेळकु आत गेला की समदे फोटो पांढरे होतेत बघा बाई," म्हणाले आणि वर आणखी एक पट्टी मारली. मलाही ते पटलं. आपल्या लहानपणी सांगोल्याचा फोटोवाला काळ्या फडक्यात डोकं घालायचा, तो काय हौस म्हणून घालायचा होय?

मग वरच्या बारीक भोकाला डोळा लावून त्यांनी अख्खं लग्न काढलं. खडूने फरशीवर रेघ मारली आणि त्या रेघेवरूनच सगळे फोटो घेतले, कारण अंतर बदललं की रोल बिघडतो. कॅमेरा बंद करताना आतून घर्र आवाज येतो. तो त्यांच्या मते रोल गुंडाळल्याचा आवाज, म्हणून सकाळपासून त्यांनी तो बंदच केला नाही. मधूनमधून तो आपोआप मिटायचा, तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. आणि बरोबर छत्तीस फोटो झाल्यावर, अजून दोन पंगती उठायच्या होत्या, पोरीची पाठवणी व्हायची होती, त्यांनी हात वर करून सांगितलं, "संपला रोल."

हजार मावणाऱ्या कॅमेऱ्यात छत्तीस फोटो. त्यांतल्या अकरा फोटोंत तू आहेस आणि अकराही ठिकाणी तुझ्या मानेवर डोक्याऐवजी धूर आहे. माझ्या मते आतलं ते नखाएवढं कार्ड खराब निघालं. त्याच्या कोपऱ्याला ओल लागली असणार. पाकीट मी न उघडताच तुम्हाला पाठवलं, नाहीतर तेव्हाच लक्षात आलं असतं. झालं ते एवढंच.

टँकर येतो का? मेंढरं कुठे आहेत? मल्हारची होणारी बायको कुठली, काय शिकली, हे मी डाळिंबाच्या गाडीवाल्याला विचारायचं का?

आक्का


शुक्रवार पेठ
२७ जानेवारी २०१३

जोती,

उत्तर नाही. बरं.

कार्डाचं तुला पटलेलं दिसत नाही, म्हणून मी परवा नव्या पेठेत संगप्पाच्या दुकानात जाऊन आले. फोटो त्यानेच छापून दिले होते. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्याच्याकडे गेले तेव्हाची गंमत तुला सांगायची राहिली. कॅमेरा मी काळ्या ब्लाउजपीसमध्ये गुंडाळून, पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून नेला होता. संगप्पाने भर दुपारी, रस्त्याकडे तोंड करून, त्याचं खालचं दार उघडलं. मी त्याचा हातच धरला. म्हटलं, अरे बाबा, आत जा, दिवा बंद कर, माझ्या पोरीचं लग्न आहे त्यात. दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. संगप्पा हसला नाही, म्हणाला, "बाई, आता अंधार लागत न्हाय की." मग मी निगेटिव्ह मागितल्या. त्याने एक चकती दिली. ती मी आजवर काळ्या कापडात बांधून तांदळाच्या डब्यात ठेवली आहे. सांगून काय होतं, इतक्या वर्षांची सवय आहे.

तर परवा संगप्पाला विचारलं, ह्या धुराचं काय करता येईल? तो म्हणाला, त्या माणसाचा दुसरा एखादा स्पष्ट फोटो आणा, डोकं तेवढं उचलून इथे बसवून देतो. मी घरात शोधलं. जोती, तुझा एक धड फोटो आमच्याकडे नाही. प्रत्येक फोटोत तू मागे, नाहीतर पाठमोरा, नाहीतर काखेत कोकरू आणि तुझं अर्धं तोंड त्याच्या मागे. समोरून, सरळ, स्पष्ट असा एकच सापडला. तुझ्या लग्नातला, सत्याऐंशी सालचा.

सोबत पाठवते आहे. काम त्याने सफाईने केलं आहे. तू जरा तरुण दिसतोस, मिशी जास्त काळी आहे. कपाळावरची मुंडावळी त्याला काढता आली नाही. काढायला गेलं की कपाळही जातं म्हणाला. पण लांबून बघितलं तर ती टोपीची किनार वाटते. राजाबाईला दाखव, तिला आवडेल.

पत्रिका छापल्या असतील तर एक पाठव. अक्षय तृतीयेला साडेतीन महिने आहेत, आमच्याकडचं टपाल तेवढ्यात येतं.

आक्का


शुक्रवार पेठ
१६ फेब्रुवारी २०१३

जोती,

फोटो परत आला. मागे तुझ्या हातच्या दोन ओळी: "ह्यो कोन? आन नवरीला नवरदेव दोन कशापायी?"

नऊ महिन्यांनी भावाचं अक्षर बघायला मिळालं आणि ते असं. ह्यांनी वाचलं आणि दहा मिनिटं हसत बसले. मग मी परत एकदा नीट बघितला. खरं आहे तुझं. ऋतुजाच्या शेजारी जावई उभे आहेत मुंडावळ्या बांधून आणि मागे तू, तिच्याहून दोन वर्षांनी लहान दिसणारा, तूही मुंडावळी बांधून. मी तो पाठवायलाच नको होता. माझी चूक झाली असं सरळ लिहिते, कारण तुला माझ्याकडून ते फारसं ऐकायला मिळालेलं नाही.

आता खरं काय घडलं ते कळलं आहे, म्हणून लगेच लिहायला बसले. मागच्या रविवारी ऋतुराज आला होता. कॅमेरा कपाटात बघून म्हणाला, वापरत का नाही? ह्यांनी सांगितलं, रोल संपला ना मे महिन्यात. पोराने कपाळाला हात लावला. ईरप्पांच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, आम्हाला समोर बसवलं आणि पहिलीच्या मुलांना शिकवावं तसं शिकवलं. कार्ड भरलं की रिकामं करता येतं, परत भरता येतं, उजेडाने काही होत नाही, फोटो आवडला नाही तर तिथल्या तिथे टाकून देता येतो. हे ऐकून ईरप्पांना बोलावून आणलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "टाकून दिलेला फोटो जातो कुठं?"

मग त्याने माझा फोटो काढला, तर माझ्या एका बाजूला तोच धूर. त्याने कॅमेरा उलटा करून पुढची बारकी काच रुमालाने पुसली. रुमाल काळा झाला. नाकाशी धरून म्हणाला, "आई, हे काजळ आहे."

आता अक्कम्मा माहीत आहे ना तुला, नातवाला दिवसातून चार वेळा तीट लावते, तिच्या बोटाला सदान्‌कदा काजळ. लग्नात ती ईरप्पांच्या मागे-मागेच होती. तिचंच बोट लागलं असणार. मामाची जागा नवरीच्या पाठीमागे ठरलेली. त्यात तू सहा फूट उंच. ईरप्पा खडूच्या रेघेवरून हलायला तयार नाहीत. मग डाग दर वेळी तुझ्यावरच येणार, त्याला कोण काय करणार? पुसलं कोणी नाही, कंप्युटरही नाही. शेजारणीचं बोट.

ऋतुराजने आता काढलेला आमच्या दोघांचा स्वच्छ फोटो सोबत आहे. मी म्हातारी दिसते, पण धूर नाही.

वाट बघते.

आक्का


शुक्रवार पेठ
४ मार्च २०१३

जोती,

काल सकाळी अक्कम्मा आमच्या दारात आली. नवं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत नारळ. मी विचारलं, कुठे निघालीस? म्हणाली, "सांगोल्याला. तुमच्या भावाच्या पाया पडून येतो." ती मराठी अशीच बोलते, बाईसुद्धा 'येतो'च म्हणते.

आमच्या ह्यांनी चहा पिताना ईरप्पांना सगळं सांगितलं होतं, काजळाचं, बोटाचं, तुझ्या रागाचं. ईरप्पांनी घरी जाऊन तिला सांगितलं. अक्कम्माला काही आठवत नाही. पण ती म्हणाली, "मला याद न्हाई, पण तुम्ही म्हणताव तर झालंच असेल. माझ्या बोटानं भावा-बहिणीत वाकडं आलं, मी कसं गप बसू?" पावणेदहाची गाडी विचारून आली होती.

मी तिला आत घेतलं, बसवलं, पाणी दिलं. नारळ तिच्या पिशवीतून काढून ओट्यावर ठेवला. म्हटलं, तू कुठे जाऊ नकोस, ते बोट तुझं नव्हतं.

ते बोट माझं होतं, जोती.

मेकअपवाली आठवते? पुण्याहून आणली होती, ऋतुजाच्या मैत्रिणीच्या ओळखीची. मी काजळाची डबी घेऊन पोरीच्या गालाला तीट लावायला गेले, तर तिने माझा हात मध्येच अडवला. "काकू, गालाला हात लावू नका, सगळं परत करावं लागेल." मी म्हटलं, कानामागे लावते. तर कानामागेही काही फासलेलं होतं. म्हणजे पोरगी चारशे माणसांसमोर तशीच उभी राहणार. बालवाडीत दर वर्षी फोटोच्या दिवशी मी चाळीस मुलांना रांगेत उभं करून तीट लावायची. कॅमेरा म्हणजे डोळाच की, आणि तो तर डोळे न मिटता टक लावून बघतो. बाहेर आले तर ईरप्पा खुर्चीवर कॅमेरा ठेवून फेटा बांधून घेत होते. कॅमेऱ्याचं नाक बाहेर आलेलं, काच उघडी. पोरीला लावता येत नाही तर बघणाऱ्यालाच एक लावावी असं वाटलं. अनामिकेने लावली. काचेच्या मधोमध लावायची नाही एवढी अक्कल होती, म्हणून कडेला लावली.

आणखी एक. पाकीट न उघडता पाठवलं असं मी पहिल्या पत्रात लिहिलं, तेही खोटं. संगप्पाच्या टेबलावर छत्तीसही फोटो मी बघितले. तो म्हणाला होता, "काचेला काय तरी लागलंय, बाई. आनून दाखवा." मला बघताक्षणी कळलं काय लागलंय ते. मी म्हटलं, असू दे, दोन-दोन प्रती काढ. तुला सगळे पाठवले, कारण तुझे अकरा तेवढे वगळले असते तर ते जास्त वाईट दिसलं असतं. वाटलं, तू म्हणशील सावली पडली. नऊ महिने कपाटातला कॅमेरा मी पुसला नाही, कारण पुसला असता तर मीच पुरावा पुसला असं झालं असतं. असलं डोकं माझं चालतं.

ईरप्पा, अक्कम्मा, संगप्पा, कार्ड, कोणाचा काही दोष नाही. ते काजळ पोरीला दृष्ट लागू नये म्हणून होतं, बस. माझ्या मनात तुझ्याबद्दल काही नव्हतं.

आक्का


शुक्रवार पेठ
१९ मार्च २०१३

जोती,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं आहे. पंधरा दिवस ते मला जेवू देत नाही. पत्र पोस्टाच्या पेटीत टाकलं आणि तिथेच उभी राहिले, हात आत घालून परत काढता येतं का ते बघत. एक रिक्षावाला म्हणाला, "मावशी, काय पडलं का आत?"

आता जे लिहिते ते मी ह्यांनाही सांगितलेलं नाही.

ऋतुजाच्या लग्नाआधीच्या भाऊबीजेला तू ऋतुजाला मल्हारसाठी मागितलंस. ताटात ओवाळणी टाकलीस, आणि माझ्याकडे न बघता, ताटाकडे बघत म्हणालास, "आक्का, पोरगी आपल्याच घरात ऱ्हावू दी की." आपल्याकडे आत्याची मुलगी मामाच्या घरात जाते, त्यात नवीन काही नव्हतं. तू रीतीनेच मागितलंस. मीही रीतीने नाही म्हणू शकले असते. तिने स्वतः ठरवलंय, पुण्यात तिच्याच ऑफिसातला मुलगा आहे, चांगला आहे, एवढं सांगायचं होतं. पण मी काय म्हणाले ते तुला शब्दन्‌शब्द आठवत असणार. "मी तिला मेंढरांमागं फिरायला शिकवलं नाही." मल्हार उंबऱ्यात चपला घालत होता, त्याने ऐकलं. मीही मेंढरांमागेच वाढले. दहावीपर्यंत शिकले ती बाबांनी दोन बकरी विकून भरलेल्या फीवर. हे माझ्या तोंडातून कसं गेलं, मला आजही कळत नाही. तू पाणी पिऊन गेलास.

तरी तू लग्नाला आलास. पहाटे, राजाबाईला आणि मल्हारला घेऊन. मामाकडची पिवळी अष्टपुत्री आणलीस, कशात कमी केलं नाहीस. मी मनात म्हटलं, विसरला. आणि मग ऋतुजा ती पिवळी साडी नेसून खोलीतून बाहेर आली, तेव्हा तू खांबापाशी उभा होतास. तू तिच्याकडे बघितलंस. जोती, मी तुला लहानपणापासून ओळखते. एखादं कोकरू दुसऱ्याच्या कळपात गेल्यावर तू जसा बघायचास, तसा बघत होतास. तोंडावर राग नव्हता, राग असता तर मी घाबरले नसते.

तेव्हा मी काजळाची डबी काढली. मेकअपवालीने अडवलं ते खरं, खुर्चीवर कॅमेरा होता तेही खरं. पण चारशे माणसांची नजर माझ्या मनात नव्हती. एकाच माणसाची होती. माझ्या पोरीला नजर लागलीच तर माझ्या भावाची लागेल असं मला वाटलं. बोट टेकवताना मी तुझं नाव घेतलं. मनातल्या मनात, पण घेतलं.

त्या काचेची कुठली बाजू फोटोत कुठे येते हे मला कळत नव्हतं, कळत असतं तरी मी तुझं तोंड झाकायचं ठरवलं नसतं. ते आपोआप तिथे गेलं. संगप्पाच्या टेबलावर अकरावा फोटो बघितला आणि तो पालथा ठेवला. वाटलं, जे मी मनात केलं तेच ह्या यंत्राने काढून दाखवलं. मला त्याची लाज वाटते. तुझ्या लहानपणी तुला तीट लावणारी मीच होते, आई शेतावर असायची. त्याच बोटाने मी तुझ्यापासून पोर राखायला निघाले.

तू रागावलास ते बरोबर आहे. पुसलं नाही हे सांगायला मी चार पत्रं खर्ची घातली, पण तुला जे वाटलं ते फार चुकीचं नव्हतं.

मल्हारला सांग, आत्याने त्या दिवशी जे म्हटलं ते तिने आज परत घेतलं. हळद दुसऱ्या कोणाकडून लावून घ्यायची असली तर घे. फक्त तसं एका ओळीत कळव, म्हणजे मी रोज दुपारी पोस्टमनसाठी दाराशी बसायचं सोडून देईन.

आक्का


सांगोला
२ एप्रिल २०१३

आक्का,

समदी पत्रं मिळाली. पयली चार मल्हारनं वाचून दावली. पाचवं मी सोता वाचलं, दाराला कडी लावून. तुजं अक्षर चांगलं हाय पर मला वाचायची सवं न्हाय, म्हनून येळ लागला. तू जशी लिवतीस तसं मला जमत न्हाय. बोलतो तसं लिवतो.

मेंढरं चाऱ्याच्या छावनीपाशी हायत. टँकर दिसाआड येतुय. डाळिंबाची अर्दी बाग ग्येली, अर्दी हाय. सून जत तालुक्यातली हाय, बारावी शिकलीय, मेंढरांचं समदं येतंय तिला.

त्या भाऊबीजंचं मल्हारनं कवाच सोडलं. त्यो म्हनतो आत्या खरंच बोलली, ऋतुजाला कुटं मेंढरं वळता येत्यात. मी न्हाय सोडलं. मी लई दीस धरून बसलो.

फोटू आलं तवा मला राग आला त्यो तू पुसलंस म्हनून न्हाय. त्ये मी लोकांत सांगाय काय तरी पायजे म्हनून सांगितलं. खरं आता लिवतो. आजवर राजाबाईला सोडून कुनाला ठावं न्हाय.

लगीन लागतानी मी पोरीच्या पाठीशी हुबा व्हतो. मुठीत अक्षता. मंगलाष्टकं झाली, समद्यांनी टाकल्या. तिच्या सासरच्यांनी टाकल्या, ईरप्पानं टाकल्या. माजी मूठ उगडलीच न्हाय. मुद्दाम न्हाय केलं गं. मनात येकच, ही माज्या घरात यायची व्हती. सख्खा मामा, पाठीशी हुबा, आन भाचीच्या डोक्यावर येक दाना टाकला न्हाय. मूठ तशीच सदऱ्याच्या खिशात घातली, जेवलो, घरला आलो.

मंग तुजं पाकीट आलं. समद्यांची तोंडं साफ आन माज्याच तोंडावर काळं. मला वाटलं आक्कानं बगितलं. समोर बोलली न्हाय, पर हे असं दावून दिलं. म्हनून फोन उचलला न्हाय. उचलून काय बोलनार व्हतो?

तवा तू तीट लावलीस ती बराबर लावलीस. माजी नजर तशीच व्हती. लावाया पायजेच व्हती.

तुला पत्रिका धाडनार न्हाय. सख्ख्या भनीला कागुद धाडायचा नसतो. येत्या सोमवारी सकाळच्या गाडीनं मी सोता मुराळी म्हनून येतुय, दाजींना सांगून ठेव. अक्कम्मा आन ईरप्पालाबी लग्नाला घिऊन यायचं. फोटूला दुसरा मानूस सांगितलाय, ईरप्पानं नुसतं जेवायचं.

ऋतुजाला आन जावयाला पुन्यासनं बोलवून घे. हळदीच्या आदल्या दिसालाच यायला सांग. त्या अक्षता हायत. सदरा धुताना राजाबाईला खिशात घावल्या, तिनं कागदात बांधून देवाऱ्यात ठेवल्या. अजून कीड लागली न्हाय. दोगांला पाटावर बसवून मी त्या टाकनार हाय. त्ये झालं की मंग तू मल्हारला हळद लाव.

जोतिराम